अमेरिकेच्या दक्षिणेतील लहान गावाचे मतदान कसे वाचावे: सेल्माच्या निमित्ताने

अमेरिकेच्या दक्षिणेतील एखाद्या लहान गावाचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर नोव्हेंबरच्या निकालाचा लाल-निळा (लाल रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅटिक पक्ष) नकाशा आधी बाजूला ठेवावा. वॉशिंग्टनला कोण जाणार हे तो नकाशा सांगतो. गावातला रस्ता कोणाच्या दारापर्यंत डांबरी झाला, हे त्यावरून कळत नाही. इथे अलाबामा राज्यातील सेल्मा हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे, कारण तिथल्या मतदानाचा इतिहास ठळकपणे नोंदलेला आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी. सेल्मा ज्या पट्ट्यात येते त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात आणि हे नाव मुळात तिथल्या काळ्या, कसदार मातीवरून पडले. विदर्भात काळी जमीन म्हटली की कापूस आठवतो, तसेच तिथेही झाले. पण तिथला कापूस गुलामांच्या श्रमांवर पिकला आणि त्या पट्ट्यातील अनेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) त्यांचे वंशज आजही बहुसंख्य आहेत. 2020 च्या जनगणनेत सेल्माची लोकसंख्या 17,971 होती आणि दर पाच रहिवाशांपैकी चार किंवा त्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. जनगणनेचा हा आकडा मतदारयादीशेजारी ठेवून पाहावा. 1965 च्या आरंभी, सेल्मा ज्यात येते त्या डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम दोघांचे नाव यादीत होते. त्या वर्षी 7 मार्चला सेल्मातील एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालल्या आणि 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. म्हणून जुने निकाल वाचताना 1965 च्या आधीचे आणि नंतरचे सेल्मा ही दोन वेगळी गावे समजावीत.

यानंतर कोणती निवडणूक कशासाठी होते, हे नीट लावून घ्यावे. महापौर आणि नगर परिषदेच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, ती ऑगस्टमध्ये होते आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. शेरीफसारखी (शेरीफ म्हणजे काउंटीचा निवडून येणारा पोलीसप्रमुख) काउंटीची पदे मात्र पक्षाच्या नावावर लढवली जातात आणि जिथे एका पक्षाचे पारडे फार जड असते, तिथे खरी लढत त्या पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानातच, आटोपते. शिवाय गावाच्या हद्दीबाहेर राहणारा माणूस रोज गावात कामाला येत असला, तरी त्याला महापौरासाठी मत देता येत नाही. त्यामुळे काउंटीचे आकडे गावावर लादू नयेत.

प्रायमरीचे महत्त्व पटण्यासाठी 1966 ची शेरीफपदाची निवडणूक अवश्य वाचावी. पुलावरच्या मारहाणीत ज्याची माणसे होती तो शेरीफ जिम क्लार्क आणि विल्सन बेकर यांच्यात डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली. नव्याने यादीत आलेल्या कृष्णवर्णीय मतदारांच्या वस्त्यांमधील सहा मतपेट्या पक्षाच्या काउंटी समितीने अनियमिततेचे कारण देऊन मोजणीबाहेर ठेवल्या. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले, त्या पेट्या मोजण्याचा आदेश झाला आणि बेकर विजयी ठरला. एकूण बेरजेत ही गोष्ट दिसत नाही, ती पेटीनिहाय आकड्यांतच दिसते. म्हणून कोणत्याही गावाचा निकाल केंद्रनिहाय मिळवावा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. काउंटीचे आणि राज्याचे आकडे राज्य सरकारकडे असतात. नगराची निवडणूक मात्र सिटी क्लर्कच्या, म्हणजे नगराचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून चालते आणि तिचे कागद तिथेच मागावे लागतात.

आकडे हाती आले की टक्केवारीआधी प्रत्यक्ष मते पाहावीत. सहा-सात हजार मतांच्या लढतीत एका प्रभागातील दोनशे माणसे घरी बसली, तरी निकाल फिरू शकतो. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर वरच्या बाजूलाच प्रत्येक पक्षासमोर एक लंबगोल असतो. तो पेनाने भरला की त्या पक्षाच्या साऱ्या उमेदवारांना मत जाते. त्यामुळे खालच्या पदांवरील मोठ्या मताधिक्याचा अर्थ त्या उमेदवाराची लोकप्रियता असाच लावू नये. अलाबामाच्या मतदारयादीत पक्षाची नोंदही नसते, तेव्हा यादीवरून कोणाचा कल ठरवता येत नाही.

वस्तीच्या रंगावरून मत गृहीत धरण्याची चूक तर मुळीच करू नये. 1964 मध्ये महापौर झालेले श्वेतवर्णीय जो स्मिदरमन, मधला थोडा काळ वगळता, 2000 पर्यंत त्या पदावर राहिले आणि शेवटच्या काळात गावात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते. जेम्स पर्किन्स यांनी त्यांना तिसऱ्या प्रयत्नात, तेही दुसऱ्या फेरीत, हरवले आणि ते सेल्माचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. या बदलाचा अभ्यास करायचा असेल, तर 1992, 1996 आणि 2000 च्या प्रभागनिहाय निकाल शेजारी-शेजारी मांडावेत, प्रत्येक प्रभागात एकूण मतदान किती वाढले ते आधी लिहावे, मग मते कोणाकडून कोणाकडे सरकली ते लिहावे, आणि ज्या प्रभागात सर्वांत मोठा फरक दिसेल तिथल्या चर्चमधील जुन्या कार्यकर्त्यांना त्या निवडणुकीत मतदारांना केंद्रापर्यंत कोणी नेले, हे विचारावे.