पिकअपच्या हौद्यात दिवे: पट्टी दहा मिनिटांत, वायर अख्खी दुपार

ज्याने अंधारात मोबाइल दातांत धरून हौद्यातल्या दोरीची गाठ सोडवली आहे, त्याला दिव्यांची गरज समजावून सांगायला नको. काम घरी करण्याजोगं आहे. अंदाज फक्त एका बाबतीत चुकतो. एलईडीची पट्टी झटक्यात चिकटते, पण तिथून बॅटरीपर्यंत वायर नीट नेण्यात दुपार निघून जाते. म्हणून सुरुवात वायरीपासून.

आधी हिशेब

12 व्होल्टची, सिलिकॉनच्या नळीत बंद असलेली पट्टी घ्या. पाण्यापासून संरक्षण निदान आयपी67, म्हणजे धूळ आत न जाणारी आणि थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी टिकणारी श्रेणी. हौदा 1.8 मीटर लांब असेल तर दोन बाजूंना मिळून 3.6 मीटर. 5050 जातीच्या (5 × 5 मिलिमीटरचे दिवे), मीटरला 60 दिवे असलेल्या पट्टीला मीटरमागे साधारण 14.4 वॅट लागतात. म्हणजे एकूण 52 वॅट, 12 ने भागले की सुमारे 4.3 अँपिअर. यासाठी 7.5 अँपिअरचा फ्यूज, 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 10 अँपिअरचं बटण पुरतं. माझं विचाराल तर याहून मंद पट्टीही चालते. हौद्यात सामान दिसायला हवं, लग्नाचा मांडव उजळायचा नाहीये.

मागच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरीवरून जोड घ्यायचा मोह टाळा. ती वायर, तिचा फ्यूज एका दिव्याच्या हिशेबाने ठेवलेले असतात. नव्या गाड्यांत तर असा जोड दिला की डॅशबोर्डवर बिघाडाची खूण पेटू शकते.

वायर

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या वायरीत फ्यूज बसवा, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज असतो वायरीसाठी. तो हौद्याजवळ लावला, तर मधली सगळी लांबी उघडी पडते. कुठे घासून चेसिसला टेकली की थेट आगच.

तिथून वायर केबिनमधल्या बटणाकडे. बटण पेटल्यावर लाल दिसणारं घ्या. इंजिन बंद असताना दिवे रात्रभर, म्हणजे दहा तास, चालू राहिले तर 43 अँपिअर-तास जातात. 60 च्या बॅटरीवर सकाळी गाडी सुरू होण्याची आशा सोडा.

बटणापासून मागे जाताना वायर प्लॅस्टिकच्या खाचेच्या नळीत घाला आणि सायलेन्सर ज्या बाजूला नाही, त्या बाजूने चेसिसला केबल टायने बांधत न्या. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये बोटभर ढील सोडा. खड्ड्यात गाडी गेली की हे दोन भाग वेगवेगळे हलतात आणि ताणलेली वायर नेमकी तिथेच तुटते. पत्र्याला भोक पाडावंच लागलं तर आधी खाली वाकून पाहा: पेट्रोल-डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावा, मग रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून भोकात बसणारी कडी.

पट्टी

जागा एकच योग्य: हौद्याच्या वरच्या कडेच्या आतल्या वळणाखाली. तिथे सामान आपटत नाही, पाणी साचत नाही आणि दिवे थेट डोळ्यांत शिरत नाहीत.

माझी पहिली पट्टी दुसऱ्याच धुण्यात लोंबकळू लागली, कारण पत्रा मी फडक्याने नुसता पुसला होता. आता साबणाने धुतो, वाळू देतो, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. थंड पत्र्यावर डिंक धरत नाही, तेव्हा उन्हात तापलेली वेळ साधा. शिवाय दर फूटभर अंतरावर एक क्लिप. दिवसभर पाणी लावू नका.

कापायची असेल तर पट्टीवर कात्रीची खूण असते तिथेच, बहुतेक दर तीन दिव्यांनंतर. कापलेलं टोक सिलिकॉनने बुजवा. दोन्ही पट्ट्या एकामागे एक जोडू नका; शेवटचे दिवे मंद पडतात. पुढच्या टोकापासून प्रत्येकीला वेगळी वायर द्या. जोडाला डाग देऊन (सोल्डर करून) वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, चढवा. नुसती टेप इथे पहिल्या पावसातच सुटते.

निगेटिव्ह वायर चेसिसवर न्या. काही गाड्यांत हौदा रबरावर बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्या पत्र्यावर भरवसा नको. बोल्टखालचा रंग चकाकेपर्यंत घासा, गोल लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) बोल्टखाली घट्ट आवळा, वरून ग्रीस.

शेवटी

बॅटरी जोडा, दिवे लावा आणि गाडीमागे वीस पावलं जाऊन उभे राहा. दिव्याचे ठिपके डोळ्यांत घुसत असतील तर पट्टी थोडी आत वळवा. गाडी चालवताना हे दिवे बंदच ठेवायचे. मागून येणाऱ्याला पांढरा उजेड दिसला की गाडी रिव्हर्स येतेय असं वाटतं. पट्टी चिकटवून एक दिवस झाला की बटण बंद करून हौद्यावर पाइपने पाणी मारा, तासाभराने पुन्हा दिवे लावा. एखादा तुकडा लुकलुकला तर जोड तिथेच उघडा आणि नव्याने करा.