कबड्डीच्या संघाने डोपिंगचे नियम कसे पाळावेत

सोलापुरात मी बरीच वर्षं कबड्डीची पोरं सांभाळतोय. डोपिंगचा, म्हणजे खेळात बंदी असलेली औषधं घेण्याचा, विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं, 'सर, आपली पोरं भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली, आपल्याला काय त्याचं?' हे ऐकून माझं डोकं फिरतं. राष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला हे नियम लागू आहेत आणि २०२२ साली आपल्याकडे त्याचा कायदाही झालाय. लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं काही सापडलं, की ते शरीरात कसं गेलं हा प्रश्न नंतरचा. जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. 'डॉक्टरांनी दिलं होतं' या उत्तराने शिक्षा कमी होईल कदाचित, सुटका होईलच असं नाही.

१. चालू वर्षाची यादी घ्या

डोपिंग रोखणारी जागतिक संस्था, म्हणजे वाडा, दर वर्षी १ जानेवारीपासून बंदी असलेल्या पदार्थांची नवी यादी लागू करते. जुनी टाकून द्या. काही पदार्थांवर बारा महिने बंदी असते, काहींवर फक्त स्पर्धेच्या काळात. हा काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो.

२. एक वही घाला

प्रत्येक खेळाडूला एक पान. औषध, तारीख, किती घेतलं, कोणी दिलं.

३. औषध तपासा

सगळे इथेच फसतात. मीही फसलो.

राज्य स्पर्धेला आठवडा होता. आमच्या एका चढाईपटूला खोकला झाला आणि जवळच्या दवाखान्यातून बाटली मिळाली. त्याने विचारलं, 'सर, घेऊ का?' मी बाटलीवरचं नाव यादीत शोधलं, सापडलं नाही, म्हणून घे म्हणालो. तीन दिवसांनी सहज बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन आणि टर्ब्युटालिन. पहिल्या दोघांची काही अडचण नाही. टर्ब्युटालिनवर मात्र बाराही महिने बंदी. मी त्या पोराला संघाबाहेर ठेवलं. वर्षभर पहाटे उठून घाम गाळला होता त्याने, आणि चूक माझी होती. त्याच्या आईला ते सांगायला गेलो तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून नीट ऐका. यादीत कंपनीने ठेवलेली नावं नसतात, औषधाच्या मूळ घटकांची असतात. एकाच नावाच्या मागे 'प्लस', 'डी', 'एलएस' अशी शेपटं लागली की आतला माल बदलतो. मेडिकलवाल्याने 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरी बाटली दिली तर ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची. गोळ्या सुट्ट्या कापून घेऊ नका, घटक छापलेला तुकडा दुकानातच राहतो. आणि कागदाच्या पुडीतल्या रंगीत गोळ्या तर खेळाडूने घ्यायच्याच नाहीत. डॉक्टरांकडून घटक लिहून मागा. त्यात संकोच कसला?

घटक कळला तरी काम अर्धंच झालं. औषध शरीरात कुठल्या वाटेने जातंय तेही बघावं लागतं. दम्याच्या पंपातून साल्ब्युटामॉल ठरलेल्या मर्यादेत चालतं (२४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत). तेच साल्ब्युटामॉल खोकल्याच्या औषधातून पोटात गेलं की बंदी, लेव्होसाल्ब्युटामॉलचंही तसंच. स्टेरॉइडचं मलम त्वचेवर चालतं. पण गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही. ट्रायमसिनोलोन दंडात किंवा कमरेत टोचलं तर ते शरीरातून जायला ६० दिवस धरायचे. आमच्या खेळात गुडघे कायमचे दुखरे, त्यामुळे इंजेक्शन घेण्याआधीच घटक आणि स्पर्धेची तारीख समोरासमोर मांडा.

दुखण्याच्या गोळीचंही तसंच. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन चालतात. ट्रामाडॉलवर १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी आहे, आणि पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली ट्रामाडॉलची गोळी घराघरात पडलेली असते.

आता सलाईन. आपल्याकडे मे महिन्यात पोरगं पेटके येऊन पडलं की पालकच डॉक्टरांना म्हणतात, 'एक शक्तीचं सलाईन लावा.' शिरेतून बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही द्यायला बंदी आहे, मग ते साधं मिठाचं पाणी का असेना. बाटली सहसा ५०० ची असते. थकवा घालवायला सलाईन नको, ओआरएस पाजा. पोरगं खरोखर गंभीर असेल तर मात्र एक क्षण न दवडता रुग्णालयात न्या. तिथल्या उपचाराला नियमात सूट आहे आणि जीवापेक्षा स्पर्धा मोठी नाही. कागद तेवढे सांभाळा.

आजारासाठी बंदी असलेलं औषध लागतच असेल, इन्सुलिनसारखं, तर उपचारासाठीची सवलत मागता येते. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी नाडाकडे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, अर्ज करावा. औषध बंद करून पोराला मैदानात उतरवणारा प्रशिक्षक मला माफ नाही.

४. पावडरचे डबे

नको. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हेही नको. डब्यावर न छापलेला घटक आत निघू शकतो आणि भोगतो खेळाडू. अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे आपल्याकडे स्वस्त मिळतात.

५. वजनाचा दिवस

वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा. दीड किलो जास्त भरलं की कोणीतरी कानात सांगतं, पाणी काढायची गोळी घे. फ्युरोसेमाइड म्हणतात ती हीच. तिच्यावर कायम बंदी आहे, कारण ती लघवी पातळ करून इतर औषधं लपवते. शिवाय उन्हात तिने पोरगं मैदानातच कोसळेल. वजन सहा आठवडे आधीपासून उतरवा. जमत नसेल तर त्या स्पर्धेत खेळवू नका.

होळी-रंगपंचमीच्या भांगेबद्दलही वजनाच्या दिवशीच बजावतो. तिचा अंश लघवीत बरेच दिवस राहू शकतो.

६. एक सापडला की संघाचं काय

एकाहून जास्त खेळाडूंना डोपिंगची नोटीस आली की संघाची वेगळी तपासणी होते. दोनपेक्षा जास्त दोषी ठरले तर संघावरही कारवाई. बंदी आलेल्या पोराला क्लबच्या सरावालाही येता येत नाही, हे पालकांना आधी सांगा. खेळाडूला औषध पुरवणारा किंवा प्रकरण झाकणारा प्रशिक्षकही सुटत नाही.

७. नमुना द्यायची वेळ

बोलावलं की जायचं. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर चार वर्षांची बंदी येऊ शकते. किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. ती देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा असतो, हे पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर लाजेने तास जातो. अठराच्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस द्या. भरपूर पाणी ढोसायला लावू नका, पातळ नमुना चालत नाही, पुन्हा द्यावा लागतो. बाटल्यांचा संच खेळाडूने स्वतः निवडायचा, सील स्वतः तपासायचं. अर्जात गेल्या सात दिवसांतली औषधं विचारतात. तेव्हा वहीतलं त्याचं पान उघडा आणि बघून लिहा.