संदेश चांगला, पण सिनेमा कच्चा: श्रद्धेवरचा चित्रपट करताना या चुका टाळा

मी संकलक आहे. श्रद्धेवरचे बरेच चित्रपट माझ्या हातून गेलेत आणि मी स्वतः श्रद्धाळू आहे. म्हणूनच एडिटिंगला बसल्यावर "संदेश पोहोचला म्हणजे झालं, बाकीचं सांभाळून घ्या" असं कुणी म्हणालं की जीव तुटतो. संदेश पोहोचतो तो नटाच्या चेहऱ्यातून, त्याच्या आवाजातून, दोन शॉटच्या जोडणीतून. तिथेच कच्चं राहिलं, की प्रेक्षकाला आधी पात्र खोटं वाटतं आणि मग त्या पात्राची श्रद्धाही.

दृश्य बोलत असताना प्रवचन घालणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एका चित्रपटात मुलगा गेलेली आई होती. रिकाम्या पलंगाशी बसून ती त्याच्या स्वेटरची बटणं लावते, काढते, पुन्हा लावते. पटकथेत हे नव्हतं, अभिनेत्रीने टेकमध्ये आपसूक केलं होतं. त्यानंतर एक वडीलधारं पात्र येऊन देवाच्या इच्छेबद्दल चार मिनिटं बोलतं. मी सुचवलं, त्यांना नुसतं शेजारी बसू दे, एक शब्दही नको. निर्मात्यांचं म्हणणं, "अहो, त्या भाषणासाठीच तर सिनेमा केलाय!" भाषण राहिलं. पहिल्या खेळाला स्वेटरपाशी सगळे स्तब्ध होते, भाषण सुरू झालं तशा खुर्च्या कुरकुरायला लागल्या.

यावर उपाय सोपा आहे. रफ कट, म्हणजे चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी, एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण काय गमावतंय, कुणाला काय हवंय हे तरीही कळलं, तर निम्मे संवाद काढता येतात. काहीच कळलं नाही, तर दुरुस्ती पटकथेत आहे, आणि संवाद वाढवून ती होत नाही.

शंका घेणाऱ्याला खलनायक करणं

नास्तिक म्हणजे उद्धट, दारुडा, पैशाचा लोभी, आणि शेवटी रडत शरण येणारा. हे पात्र पडद्यावर आलं की त्याचं पुढे काय होणार ते प्रेक्षक पाचव्या मिनिटाला ओळखतो. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' या बाबतीत पुन्हा पुन्हा बघावा. त्यात जिजाई नवऱ्यावर करवादते, विठोबावरही चिडते, कारण पोरांच्या पोटात काय घालायचं हा तिचा प्रश्न खरा आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला कुठेही हिणवलेलं नाही. तिच्या त्या रोखठोक व्यवहारीपणामुळेच तुकारामांची भक्ती खरी वाटते. तुमच्या पटकथेत शंका घेणाऱ्याला सगळ्यात बिनतोड वाक्य द्या. त्या वाक्याला तुम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही तरी चालेल, ते काढू नका.

चमत्काराने गाठ सोडवणं

कथा अडली की प्रार्थना, आणि पुढच्याच शॉटमध्ये रुग्ण ठणठणीत. चमत्कार दाखवू नका असं मी म्हणत नाही. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल ड्रायर याने १९५५च्या 'ऑर्डेट'मध्ये मेलेली बाई उठून बसलेली दाखवली आहे, आणि ते दृश्य बघताना श्वास अडकतो. कारण त्याआधी तो आपल्याला त्या घरात जवळपास दोन तास बसवतो: घरातले वाद, बाळंतपण, शवपेटी, आणि चमत्कारावर विश्वास नसलेला धर्मगुरूसुद्धा. प्रेक्षकाने मृत्यू पूर्णपणे मानल्यावरच ती बाई डोळे उघडते. तुमच्या चित्रपटात चमत्काराआधी निराशेला किती मिनिटं दिलीत, ती मोजा.

आवाजाकडे दुर्लक्ष

कॅमेऱ्यावर खर्च होतो आणि आवाज "नंतर बघू" म्हणून राहतो. प्रार्थनेच्या जागा बहुधा उंच छताच्या, फरशीच्या, घुमणाऱ्या. रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला घुमारा नंतर पूर्ण निघत नाही. फ्रेमबाहेर जाड गोधड्या टांगा, बूम माइक (लांब दांड्याला लावलेला) नटाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, लेपल माइक (कॉलरला लावायचा छोटा) कपड्याला घासतोय का ते टेकआधी ऐका. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड करा. संवादांचे सांधे जोडताना ती लागतेच.

पार्श्वसंगीताचं थोडक्यात: रडं आणण्यासाठी व्हायोलिन लागत असेल, तर दृश्य अजून तयार नाही.

फक्त आपल्याच माणसांना दाखवणं

आपल्या पंथाची माणसं पहिल्या खेळाला रडतात, मिठ्या मारतात. ती रडतात स्वतःच्या आयुष्यातल्या अनुभवाने, जो ती थिएटरात सोबतच घेऊन आलेली असतात. ते अश्रू खरे असतात, पण त्यावरून संकलन कसं झालंय ते कळत नाही. तुमची श्रद्धा न मानणारी आठ-दहा माणसं बोलवा. "आवडला का?" असं विचारू नका, भिडेखातर हो म्हणतील. मागच्या रांगेत बसा, कोण कधी मोबाइल काढतंय ती वेळ लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन संकलकाकडे जा.