जुनी गाडी घेताना चुंबक सोबत न्यावे
किनाऱ्यालगत वापरलेली गाडी नव्या रंगाने चकचकीत दिसली तरी खाऱ्या हवेने तिचा पत्रा आतून खाल्लेला असू शकतो, आणि ती चिपळूण-महाडकडची असल्यास जुलै २०२१ च्या पुरात बुडालेलीही असू शकते. म्हणून कापडात गुंडाळलेले चुंबक दरवाजांच्या खालच्या पत्र्यावर फिरवावे. जिथे ते धड चिकटत नाही, तिथे गंजलेला पत्रा झाकायला बहुधा पुट्टी भरलेली असते. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, कारण पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी त्याच्या आतल्या टोकाला अनेकदा गाळाचा डाग राहून जातो. स्टेपनीखालचा खळगाही चाचपावा. वरवरच्या गंजासाठी भाव पाडून घ्यावा. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, गंजाचे भोक दिसले तर मात्र गाडी फुकटही नको. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.