नसलेल्या मुलाची वही

शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, गणिताचं सत्र घेताना मी एका मुलाची वही नेते. तो मुलगा कुठल्याच शाळेत नाही. वही मीच आदल्या रात्री लिहिलेली असते. खऱ्या मुलाची वही अशी चारचौघांत फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला करायची असेल तर आधी एकच चुकीचा नियम ठरवा. उदाहरणार्थ, 'मोठ्या अंकातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली.' चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि सहा वजाबाक्या त्याच नियमाने इमानाने सोडवा. ५२ − २७ = ३५. ८३ − ४६ = ४३. मध्ये ६८ − २५ = ४३ असं बरोबर आलेलंही हवं. पेन्सिलीनेच लिहा. वेंधळेपणाच्या चुका मिसळू नका, नियम झाकला जातो.

वही गटात गेली की आधी 'सराव कमी पडतोय', 'घरी कुणी बघत नाही' हेच ऐकू येतं. वाद घालू नका. विचारा, हा मुलगा ९१ − ५६ चं उत्तर काय लिहील? 'चुकेल' म्हणणं सोपं आहे. '४५ लिहील' म्हणायला त्याच्या शेजारी बसून विचार करावा लागतो.

मग फळ्यावर फक्त ७० − ३४ = ४४ लिहा. हा तोच मुलगा का? असेलही. पण 'वर शून्य असेल तर खालचा अंक तसाच उतरवायचा' असं मानणारी मुलगीही ४४ च लिहिते. ओळखायचं कसं? शिक्षकांनाच पुढचं गणित सुचवू द्या, तुम्ही मूल होऊन उत्तर द्या. कुणीतरी ५२ − २७ देतं. मुलगा ३५ लिहितो, मुलगी २५. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी हाच खेळ 'बगी' नावाने संगणकावर आणला होता. आपलं काम चिठ्ठीवर भागतं.

तिसरीच्या वर्गावर असताना एका मुलाला मी अशाच चुकीसाठी वीस गणितं जास्तीची दिली होती. विसाच्या वीस त्याने त्याच नियमाने सोडवून आणली. तो मला अजून आठवतो.

पुढच्या महिन्याला अंकलेखनाची वही करा. एकोणचाळीस ४९, एकोणसाठ ६९. नव्व्याण्णव मात्र बरोबर, ९९. का, ते गटाला शोधू द्या.