घरी बांधलेल्या विमानाच्या कॅबिनमध्ये ऊब पोहोचवताना

मिनेसोटातील आमच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर उणे 15 अंश सेल्सियस तापमान असताना, हीटर पूर्ण उघडूनही माझे पाय बधिर होत असत. एक्झॉस्ट पाइपाभोवती पत्र्याचे आवरण असते, त्याला मफ म्हणतात. इंजिनाच्या बॅफलमागून (इंजिनावरून थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांमागून) 2 इंची होजने, म्हणजे लवचीक नळीने, आलेली हवा त्यात तापते आणि फायरवॉलवरील (इंजिन आणि कॅबिन यांमधील अग्निरोधक भिंतीवरील) झडपेतून कॅबिनमध्ये येते. ऊब कमी पडते म्हणजे मफ लहान आहे, असे मी गृहीत धरले होते आणि दुसरा मफ बसवण्याच्या तयारीत होतो. परंतु झडपेच्या तोंडाशी हात धरल्यावर हवा चांगली गरम लागत होती. तिचा झोत मात्र क्षीण होता. नवख्या बांधणाऱ्याने हा फरक सर्वांत आधी तपासावा, कारण मफमध्ये स्प्रिंगा किंवा स्टीलची जाळी भरण्याचा प्रचलित उपाय हवा अधिक तापवतो, पण तिची वाट आणखी अडवतो.

मुळात ढकलणारा दाब फार थोडा असतो. समुद्रसपाटीवर ताशी 100 मैल वेगाने उडताना वेगामुळे मिळणारा संपूर्ण दाबसुद्धा सुमारे 5 इंच पाण्याच्या स्तंभाएवढाच असतो, आणि काउलिंगमध्ये (इंजिनावरील आवरणात) त्यातला काही भागच हाती लागतो. माझी होज इंजिन माउंटजवळच्या वळणावर दबलेली होती. व्यास 2 इंचांवरून दीड इंचावर आला, तर वाटेचे क्षेत्रफळ जवळजवळ 44 टक्क्यांनी घटते. मी होजचा मार्ग बदलून ते वळण मोठे केले.

तरीही खरा फरक पडला तो विमानाच्या मागच्या बाजूला. फुगीर कॅनोपीवरून (आसनांवरील पारदर्शक छतावरून) वाहणाऱ्या हवेमुळे कॅबिनमधील दाब थोडा उतरतो, आणि ती ओढ भागवायला हवा जवळची सोपी वाट धरते: माझ्या विमानात ती शेपटीकडून, सामानाच्या जागेमागील फटींतून आणि नियंत्रणदांड्यांच्या छिद्रांतून येत होती. फटी बुजवल्या, दांड्यांच्या छिद्रांवर कापडी बूट (खोळी) चढवले आणि प्रत्येक नियंत्रण शेवटपर्यंत मोकळे फिरते याची दोनदा खात्री केली. त्यानंतर तीच ओढ हीटरमधून हवा खेचू लागली. याच्या उलट, कॅबिन सर्व बाजूंनी घट्ट बंद असेल, तर हवेला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. आतली हवा निघाल्याशिवाय नवी शिरत नाही.

झोत वाढवण्यापूर्वी मफ उतरवून एक्झॉस्ट पाइपावर तडे आहेत का ते पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. तड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि सुधारलेला झोत तो अधिक वेगाने वैमानिकापर्यंत आणेल. या वायूचा इशारा देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सूचकाशिवाय मी हीटर उघडत नाही. फायरवॉलवरील झडपही स्टीलची असावी. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसवर वितळते आणि इंजिनातील आगीपुढे टिकत नाही.

आता माझ्या बाजूला पाय उबदार राहतात. सहप्रवाशाकडे मात्र ऊब अजून कमी पोहोचते, म्हणून झडपेपुढे झोत दोन्हीकडे वाटणारे पत्र्याचे तोंड बनवायला घेतले आहे.