गोल्फ क्लब मैदानावर सूर्यमाला मांडताना: ग्रह, चंद्र आणि अंतरं एकाच मापात

शाळेतल्या तक्त्यावर ग्रह शेजारी-शेजारी चिकटलेले असतात. आकार एका मापात आणि अंतरं दुसऱ्याच, म्हणून चित्र पानावर मावतं, पण खोटं होतं. दोन्हींना एकच माप लावलं तर जागा जास्त लागते. नाशिकमध्ये ती गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, मिळू शकते.

माप

१ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. याहून सोपं माप नाही, कारण मैदानावरचा १ मीटर आपोआप १० लाख किलोमीटर होतो. पृथ्वीचा व्यास १२.७ मिमी येतो, शुक्राचा १२.१, मंगळाचा ६.८, बुधाचा ४.९ आणि आपल्या चंद्राचा ३.५. निर्यातीच्या द्राक्षमण्यापेक्षाही पृथ्वी लहान.

गोळे

शाडू माती वाळताना आकसते. त्यामुळे पृथ्वीसाठी ओला गोळा साधारण १४ मिमीचा घ्या आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. प्रत्येक ग्रहाचे चार-पाच गोळे करून मापात बसेल तो निवडावा. एकाच गोळ्याला घासत बसण्यात अर्थ नाही. फूटपट्टीवर ३.५ मिमी नीट कळत नाही, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) हवं. बागाईतदाराकडे मणी मोजायला ठेवलेलं मिळालं तर उत्तम. बुधाला काळी मिरी चालते. गोळा ओला असतानाच त्यात टाचणी खोचा, वाळल्यावर तो फुटतो.

सूर्य

व्यास १.३९ मीटर. २२ × २८ इंची सहा चार्ट पेपर लागतात: आडवे तीन, उभे दोन. उभ्या बाजूला दोन कागद मिळून १४२ सेंमीच भरतात, म्हणून तिथली जोड ३ सेंमीपेक्षा जास्त ठेवली की वर्तुळ कागदाबाहेर जातं. ६९.५ सेंमी सुतळीने वर्तुळ काढा, पिवळं रंगवा आणि मागे पुठ्ठा लावून उभं करा. वारा सुटायच्या आत, सकाळी लवकर.

अंतरं

सूर्यापासून बुध ५८ मीटर, शुक्र १०८, पृथ्वी १५०, मंगळ २२८. बांधकामावरचा लांब टेप मिळाला तर त्यानेच मोजा. नायलॉनची दोरी ताणते आणि दर खेपेची चूक साठत जाते. मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो, म्हणून बुध-शुक्रासाठी तो नको. २२८ मीटर सरळ रेषेत मिळत नसतील तर मंगळ दुसऱ्या दिशेला ठेवा. ग्रह कधी एका रांगेत उभे राहून फिरत नाहीत, त्यामुळे उलट ते जास्त खरं.

चंद्र, आणि मांडणी बरोबर आहे का ते

चंद्र पृथ्वीपासून ३८.४ सेंमीवर, हातभरही नाही. माणूस आजवर एवढाच लांब गेला आहे.

आता तपासणी. साधारण अर्धा मीटर लांब लाकडी पट्टीच्या एका टोकाला पुठ्ठा लावून त्याला सुईने भोक पाडा. भोकापासून ३८.४ सेंमीवर चंद्राची टाचणी टोचा. पृथ्वीच्या जागी उभं राहून भोकातून कागदी सूर्याकडे पाहा: ३.५ मिमीचा गोळा १.३९ मीटरचा सूर्य जवळजवळ झाकतो. भोकाशिवाय पाहिलं तर हे जमत नाही, कारण डोळ्याची बाहुलीच गोळ्याएवढी रुंद असते आणि ती त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहते. भोकातूनही कडा धूसर दिसणारच. खऱ्या सूर्याकडे मात्र या पट्टीतून चुकूनही पाहू नका.

चंद्राचं अंतर ३६.३ ते ४०.५ सेंमीच्या दरम्यान बदलतं. जवळ असताना तो सूर्याच्या जागी १.४३ मीटर झाकतो, लांब असताना १.२८. पहिल्या वेळी खग्रास ग्रहण, दुसऱ्या वेळी २६ डिसेंबर २०१९ सारखं कंकणाकृती.

मंगळ कधी जवळ, कधी लांब

वरची अंतरं सूर्यापासूनची आहेत. पृथ्वीपासून मंगळ सुमारे ५५ मीटर ते ४०० मीटर असा मागे-पुढे होतो. ऑगस्ट २००३ मध्ये तो या मापाने ५६ मीटरवर आला होता, आणि तेव्हापासून ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप ऑगस्ट आला की फिरतो. गोळे हातात घेतले की तो निकालात निघतो: चंद्राएवढं दिसायला मंगळाला ७५ सेंमीवर यावं लागेल.

मंगळाचे चंद्र गोळ्यात होत नाहीत. फोबॉस या मापात केसाहून बारीक, मंगळाच्या केंद्रापासून ९ मिमीवर. कागदावर ठिपका देऊन नाव लिहा.

गुरू

१४ सेंमीचं खरबूज घ्या, घेर ४४ सेंमी भरला पाहिजे. जागा मात्र ७७८ मीटरवर, मैदानाबाहेर. नकाशावर वर्तुळ काढून ओळखीचा चौक शोधा. इथे जीपीएस पुरतो. गुरूचे चार मोठे चंद्र खरबुजाच्या केंद्रापासून असे: आयो (३.६ मिमी) ४२ सेंमी, युरोपा (३.१) ६७, गॅनिमीड (५.३) १०७ आणि कॅलिस्टो (४.८) १८८ सेंमीवर.

आयो जरा निरखा. आकार आणि अंतर दोन्ही जवळपास आपल्या चंद्राचं, पण आपल्या चंद्राला एका फेरीला २७.३ दिवस लागतात आणि आयो पावणेदोन दिवसांत फेरी संपवतो. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, म्हणून ही घाई.

शनी १.४ किमी, युरेनस २.९, नेपच्यून ४.५. तोही नाशिक रोड स्टेशनच्या अलीकडेच.